नळीची गरज: आहे

भुजंगराव मस्क्यांनी लाल झेंडी दाखवली आणि मी सात नंबरच्या पलंगापासून दोन हात अंतरावर थांबलो.

"काय झालं?"

"थांबा. फाटक बंद आहे."

"भुजंगराव, मी ब्रदर. तुमची पिशवी रिकामी करायला आलोय. भरत आली आहे."

"भरली ते मला दिसतंय. हात धुतले का?"

"ग्लोव्हज घालणार आहे ना."

"ग्लोजचं कोण इचारलं? हात."

मी मागे फिरलो, बेसिनवर हात धुतले आणि लग्नात अक्षता टाकायच्या आधी उभं राहतात तसे ओले हात पुढे धरून परत आलो. त्यांनी हात निरखले, लाल झेंडी उशीखाली सारली, हिरवी काढली आणि रेल्वेच्या नियमाप्रमाणे खांद्याच्या रेषेत आडवी धरली. आठ नंबरच्या पेशंटने टाळ्या वाजवल्या. त्याचा एक हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे त्या टाळ्या त्याने मांडीवर वाजवल्या.

त्याला आता बारा वर्षं झाली. मी तेवीस वर्षांचा होतो. परभणीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात लागून मला सात महिने झाले होते. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. त्यामुळे सत्तरीचे आजोबा मला भाऊ म्हणत आणि त्यांचे नातू काका. हे नातं कुणाच्याच वंशावळीत बसत नव्हतं.

भुजंगराव रेल्वेत गेटमन होते. तीस वर्षं एकाच फाटकावर. तीस वर्षांत एकही जनावर रुळावर जाऊ न दिलेला हा माणूस रिटायर झाल्यावर घरच्या शेळीला अंगणाच्या फाटकात अडवताना पडला आणि खुब्यात मोडला. शेळी गेली ती गेलीच. ऑपरेशन झालं, नवा सांधा बसला, आणि ऑपरेशनच्या वेळी घालतात तशी लघवीची नळी घातली गेली. नळीचं दुसरं टोक पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या पिशवीत.

झेंड्या त्यांनी बायकोकडून, सुंदराबाईंकडून, घरून मागवून घेतल्या होत्या. मला वाटलं, म्हातारपणीची हौस. पहिल्याच दिवशी त्यांनी तो गैरसमज दूर केला.

"माझा थोरला भाऊ," ते म्हणाले. "त्यालाबी अशीच नळी. नळीसकट घरी धाडला. महिन्यानं हुडहुडी भरली, ताप आला, तिसऱ्या दिवशी गेला. आम्ही त्याला न्हाऊ घातला तवाबी नळी तशीच. मग कुणीतरी काढली."

मी पिशवीवरचं माप वाचू लागलो.

"मला नळी घेऊन घरी जायचं नाही, ब्रदर. चालता नाही आलं तरी चालंल. आणि नळी आत हाय तोवर कुणी मळक्या हातानं शिवायचं नाही. तिथला डॉक्टर म्हणला हुता, हातानंच जातंय सगळं आत."

आमच्या इन्चार्ज सिस्टर एस्तेर पगारे. मूळच्या नगरच्या, सव्वीस वर्षं नोकरी. त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता आणि त्यामुळेच सगळा वॉर्ड त्यांना घाबरायचा. झेंड्या पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "कापड आहे. रोज धुवायला टाका." वॉर्डातल्या मावशींनी त्या रोज गरम पाण्यात ब्लीच घालून धुतल्या. तिसऱ्या दिवशी लाल झेंडी गुलाबी झाली.

"आता गुलाबी म्हणजे काय समजायचं?" मी विचारलं.

"लालच हाय ती," भुजंगराव म्हणाले. "जरा आजारी हाय."

याच आठवड्यात मिस लोखंडे आल्या. त्या नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी. करत होत्या आणि त्यांच्या प्रबंधाचं नाव होतं 'लघवीच्या नळीमुळे होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या प्रतिबंधाबाबत परिचारिकांचे ज्ञान व प्रत्यक्ष वर्तन यांचा तौलनिक अभ्यास'. नाव पूर्ण वाचून होईपर्यंत एखादी पिशवी भरत आली असती. आधी त्यांनी सगळ्यांची तीस प्रश्नांची लेखी परीक्षा घेतली. मग रोज क्लिपबोर्ड घेऊन त्या पडद्याआड उभ्या राहू लागल्या. आम्ही कसे वागतो ते आम्हाला न कळता टिपायचं होतं. पडद्याखालून त्यांच्या निळ्या चपला दिसत.

निळ्या चपला दिसल्या की आम्ही हात धुवायचो. मी एका ड्यूटीत एकवीस वेळा धुतले. हातांची सालं निघाली. बुधवारी दुपारी हॉस्पिटलची टाकी संपली, आणि मिस लोखंडेंना तक्त्यात नवा रकाना काढावा लागला: 'हात धुतले नाहीत, कारण अभ्यासामुळे पाणी संपले.' चपला गेल्या की आम्ही परत पूर्ववत.

सात नंबरला मात्र चपला असोत नसोत, फाटक होतंच. डॉक्टर बियाणी राउंडला आले तेव्हा त्यांनाही गुलाबी झेंडी दिसली. मागे सहा जणांचा ताफा. भुजंगराव नम्रपणे म्हणाले, "सायब, मागचे डबेबी धुवून आणा." सगळा ताफा बेसिनवर गेला. ट्रस्टचे एक विश्वस्त फळांची करंडी घेऊन फोटोसाठी आले, त्यांचा फोटो हात धुतानाच निघाला. तो पुढे वार्षिक अहवालात छापून आला.

या सगळ्या गमतीत भुजंगराव रोज सकाळी मला एकच गोष्ट विचारत.

"ब्रदर, ही कधी निघणार?"

"डॉक्टर सांगतील तेव्हा."

मग डॉक्टर येत. "कॅथेटर?" असं म्हणून पायथ्याशी लटकवलेला तक्ता बघत. आम्ही रोज सकाळी तो भरायचो. पिशवी कंबरेच्या खाली आहे का, पिशवी जमिनीला टेकली नाही ना, जोड उघडला नाही ना, आणि शेवटी, नळीची गरज: आहे किंवा नाही. डॉक्टर शेवटची ओळ बघून "बरं, राहू दे" म्हणत आणि आठ नंबरकडे वळत.

चौथ्या दिवशी भुजंगराव म्हणाले, "आमच्याकडं कसं असतं सांगू? फाटक लावलं की गेटमननं फोनवर टेशन मास्तरला खुणेचा आकडा सांगायचा, म्हंजी फाटक बंद. आकडा मिळाल्याबिगर मास्तर सिग्नल देत नाही. हितं मास्तर म्हणतो गेटमन सांगंल, गेटमन म्हणतो मास्तर सांगंल. मधी गाडी उभी."

"गाडीत झोपायची सोय आहे, चहा जागेवर येतो," मी म्हणालो. "उतरायची एवढी घाई कशाला?"

आठ नंबर हसला. सुंदराबाई हसल्या. भुजंगरावही हसले, जरा उशिरा.

शुक्रवारी अकरा वाजता खालच्या हॉलमध्ये मिस लोखंडेंच्या अभ्यासाचा समारोप होता. लेखी परीक्षेत मी पहिला आलो होतो. तीसपैकी तीस. मला गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र आणि स्टीलची पाण्याची बाटली मिळाली. प्राचार्य म्हणाल्या की अशा तरुणांच्या हाती आरोग्यसेवा सुरक्षित आहे. मग मिस लोखंडेंनी पडद्यावर आकडे दाखवले. ज्ञान, एक्क्याण्णव टक्के. प्रत्यक्ष वर्तन, अठ्ठेचाळीस. प्रश्न क्रमांक सतरा सगळ्यांचा बरोबर आला होता: संसर्ग टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता? उत्तर: गरज संपताच नळी काढणे.

तेवढ्यात मावशी दारातून डोकावल्या. "ढगे ब्रदर, सात नंबरला थंडी वाजतेय. पलंग हलायलाय."

मी धावत वर गेलो. पलंग खरंच हलत होता. अंगावर तीन ब्लँकेटं, वर सुंदराबाईंचं लुगडं, आणि त्याखाली भुजंगरावांचे दात वाजत होते. दोन्ही झेंड्या जमिनीवर पडल्या होत्या. मी थेट त्यांच्याजवळ गेलो आणि मला कुणी अडवलं नाही. मग मीच मागे फिरलो, हात धुतले आणि परत आलो. एवढी शांत वाट मला त्या पलंगाकडे आधी कधी मिळाली नव्हती.

ताप एकशे तीन. ब्लडप्रेशर नव्वदला आलेलं. पिशवीतली लघवी ताकासारखी गढूळ. डॉक्टर बियाणी आले, रक्त आणि लघवी तपासणीला पाठवली, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं, आणि जुनी नळी काढून नवी घातली, कारण आता दर तासाला लघवी किती होते ते मोजायला हवं होतं. समारोपाच्या घाईत सकाळी राहिलेला तक्ता मी आता भरला. नळीची गरज: आहे. सहाव्या दिवशी ती खूण पुन्हा खरी झाली होती.

"थोरल्या दिरालाबी असाच आला हुता," सुंदराबाई म्हणाल्या. त्या मला नव्हे, पलंगाच्या दांड्याला सांगत होत्या.

एस्तेर सिस्टरांनी मला स्टोअररूममध्ये बोलावलं. गुलाबाचं फूल अजून माझ्या खिशाला होतं. त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला.

"पाच दिवस. पाच खुणा. सगळ्या तुझ्या?"

"हो सिस्टर."

"गरज होती?"

"ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापर्यंत तर..."

"मी दुसऱ्या दिवसाचं विचारलं नाही, ढगे."

माझ्याकडे एक विनोद तयार होता. माझ्याकडे तो नेहमीच तयार असायचा. तो ओठापर्यंत आला, त्यानेही सिस्टरांचा चेहरा पाहिला आणि परत गेला.

"नव्हती," मी म्हणालो.

"मग?"

"भांडं."

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. खुब्याचा नवा सांधा असलेल्या माणसाला नळी नसली की दर दोन-तीन तासांनी लघवीचं भांडं द्यावं लागतं. पाय आत वळू न देता त्याला सरकवायचं, भांडं लावायचं, धरून ठेवायचं, न्यायचं, मोजायचं, धुवायचं, परत यायचं. माझ्याकडे बारा पेशंट होते. नळी असली की पाळीतून दोनदा पिशवी रिकामी केली की झालं. कुणाला दिसत नाही, कुणी विचारत नाही. मी पाचही दिवस हात धुऊन, पेन नीट धरून, 'आहे' वर खूण केली होती.

"ताप यामुळेच आला असेल का?" मी विचारलं.

"ते कुणालाच सांगता येणार नाही. झेंडीतूनही एखादा हात निसटला असेल. तिसऱ्या दिवशी काढली असती तरी आला असता कदाचित." त्या थांबल्या. "पण मग आपण काढली तरी असती."

मी खाली बघत होतो. त्यांनी बोट तक्त्याच्या तळाशी नेलं.

"ही सही कुणाची?"

प्रत्येक दिवसाच्या खाली, इन्चार्ज म्हणून, एस्तेर पगारे. पाच सह्या.

"मी न वाचता केल्या," त्या म्हणाल्या. "लोक हात धुतात की नाही ते मी बघत होते. झेंड्यांचं ब्लीच बघत होते. हे बघितलं नाही. आता दोघांनी लिहून द्यायचं. आधी तू लिही, तुझं अक्षर बरं आहे."

आम्ही घटनेचा अहवाल लिहिला. त्यांनी माझ्याकडून 'कामाचा ताण' हे शब्द खोडून घेतले आणि 'भांडे देणे टाळण्यासाठी' असं लिहायला लावलं. स्वतःच्या नावाखाली त्यांनी लिहिलं, 'न वाचता सही केली.'

"हे त्यांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

मी आठवडाभर हेच वाक्य रोज सकाळी म्हणत होतो, हे माझ्याही कानाला लागलं.

"मी सांगतो," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी ब्लडप्रेशर वर आलं. ताप शंभरावर उतरला. भुजंगराव डोळे उघडे ठेवून पडले होते, गालफडं आत गेली होती. सुंदराबाई चमच्याने पेज भरवत होत्या. मी जवळ गेलो तसा भुजंगरावांचा हात उशीखाली गेला.

"धुतलेत," मी म्हणालो.

हात तिथेच राहिला.

"भुजंगराव, नळी तिसऱ्या दिवशी काढता आली असती."

"डॉक्टर राहू दे म्हणले ना?"

"डॉक्टरांनी माझी खूण बघितली. मी गरज आहे असं लिहीत होतो. गरज नव्हती."

"मग कशामुळं लिहिलं?"

"तुम्हाला भांडं द्यावं लागू नये म्हणून."

चमचा वाटीत टेकल्याचा आवाज झाला. सुंदराबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"भांडं तर मी दिलं असतं," त्या म्हणाल्या. "मी हितंच तर बसलेली हाय सहा दिस. कुणी म्हणलंच नाही मला."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तीस प्रश्नांत नव्हतं ते.

भुजंगरावांनी पेजेची वाटी बाजूला सारली. म्हणाले, "आता कधी काढणार?"

"सोमवारी सकाळी. ताप राहिला नाही तर."

"मग भांडं तुम्हीच द्यायचं. तिनं नाही, मावशीनं नाही. तुम्ही."

सोमवारी ताप नव्हता. सकाळी नऊ वाजता मी नळी काढली. डॉक्टर बियाणी सरळ बोलले. "काका, या वयात प्रोस्टेट ग्रंथी थोडी वाढलेली असते, त्यात हे इन्फेक्शन. चार वाजेपर्यंत आपोआप लघवी झाली तर उत्तम. नाही झाली तर परत नळी. आणि मग काही आठवडे, घरी सुद्धा."

भुजंगरावांनी मान हलवली. सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला.

दहाला मी भांडं दिलं. रिकामं परत नेलं. अकराला दिलं, रिकामं. साडेबाराला, दोनला. तोवर ही बातमी वॉर्डभर झाली होती आणि प्रत्येकाकडे उपाय होता. आठ नंबर म्हणाला शीळ वाजवा, त्याने वाजवून पण दाखवली. मावशींनी ओटीपोट कोमट पाण्याने शेकलं. बेसिनचा नळ सोडला, आवाज ऐकून होते म्हणतात. परिणामी अकरा नंबरला दोनदा जावं लागलं. बारा नंबरच्या वारकरी आजोबांनी गजर सुरू केला. मिस लोखंडे प्रबंधाच्या कामासाठी आल्या होत्या, त्या पायथ्याशी क्लिपबोर्ड घेऊन उभ्या राहिल्या.

"बाई," भुजंगराव म्हणाले, "तुम्ही लिहायला उभ्या राहिलात की आतलं आतच राहतंय."

तीन वाजता पोट ताठ झालं होतं. कपाळावर घाम. एस्तेर सिस्टर आल्या, त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटतं, आपापल्या पलंगावर सगळ्यांचं काहीतरी काम असेल." नळ बंद झाला, शीळ थांबली, गजर मध्येच राहिला. त्यांनी मिस लोखंडेंना खांद्याला धरून बाहेर नेलं. सुंदराबाईंना चहाला पाठवलं. पडदा ओढला. आत मी, भुजंगराव आणि भांडं.

मी त्यांना कुशीकडे थोडं कलतं केलं, पायांत उशी दिली, भांडं लावून धरलं.

"काहीतरी बोला," ते म्हणाले. "गप बसलं की ध्यान तिकडंच जातंय."

"काय बोलू?"

"रोज बोलता तसं."

मी शोधलं. काहीच नव्हतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"राहू द्या. मीच बोलतो." त्यांनी डोळे मिटले. "मालगाडीचं काही खरं नसतं बघा. एक्सप्रेसला टाइम असतो. मालगाडी येती म्हणले की फाटक लावायचं आणि बसायचं. दोन्हीकडं ट्रका, बैलगाड्या, शिव्या. एकदा वऱ्हाड अडकलं, नवरदेव घोड्यावरच पेंगला. आणि डोळा लावून बसलं की ती येतच नाही. मग मी काय करायचो, स्टोव्ह पेटवायचो. कांदा चिरायचो. तेल तापलं, मोहरी टाकली, आता फोडणी सोडून जाता येत नाही, असं झालं की..."

ते थांबले.

"की काय?"

"आली," भुजंगराव म्हणाले.

भांडं माझ्या हातात जड होत गेलं. कोमट. मी हात हलू दिला नाही. पडद्याबाहेर सगळा वॉर्ड कान देऊन बसला होता, हे त्या शांततेवरून कळत होतं. मग आठ नंबरने मांडीवर टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

दोनशे ऐंशी मिली. मी मापात दोनदा बघितलं. डॉक्टर म्हणाले, नळी नको. सुंदराबाई चहा घेऊन आल्या आणि तो त्यांनी मला दिला, काही न बोलता. गुरुवारी भुजंगराव वॉकर धरून, नळीशिवाय, जीपमध्ये बसून घरी गेले.

पण मला सोमवारचे पाच वाजलेले आठवतात. त्यांनी परत भांडं मागितलं. या वेळी गाजावाजा नव्हता, कुणाचं लक्षही नव्हतं. मी पडदा ओढला, त्यांना कलतं केलं, भांडं लावलं, झाल्यावर काढलं, त्यांना सरळ केलं, पायांतली उशी नीट केली, चादर ओढली. भांडं नेलं, मोजलं, लिहिलं, धुतलं, हात धुतले. मग सहज म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

चार मिनिटं लागली होती.